तटरक्षक दल असताना महाराष्ट्राला वेगळे सागरी पोलीस कशासाठी लागतात?

नौदल आणि तटरक्षक दल समुद्रात असताना राज्याने सागरी पोलीस ठाणी का उभारली, हा आपला प्रश्न रास्त आहे. तटरक्षक दल संशयित नौका अडवू शकते, तिची झडती घेऊ शकते. परंतु नेहमीच्या फौजदारी गुन्ह्याची नोंद, पंचनामा, तपास आणि आरोपपत्र ही कामे पोलिसांची आहेत, आणि राज्यघटनेनुसार पोलीस हा राज्याचा विषय आहे. म्हणून किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंतच्या, म्हणजे सुमारे 22 किलोमीटरच्या पट्ट्यात सागरी पोलिसांची गरज भासते.

इतिहास फारसा अभिमानास्पद नाही. 1993 च्या सुरुवातीला रायगड जिल्ह्यातील शेखाडीच्या किनाऱ्यावर आरडीएक्स उतरले आणि 12 मार्चला मुंबईत बॉम्बस्फोट झाले. तेथे केवळ गस्ती नौकांची उणीव होती असे म्हणता येत नाही, कारण पुढे टाडा (दहशतवादविरोधी कायदा) न्यायालयाने काही पोलीस आणि सीमाशुल्क कर्मचाऱ्यांनाही दोषी ठरवले. त्याच वर्षी नौदल, तटरक्षक दल आणि राज्यातील यंत्रणांची ‘ऑपरेशन स्वान’ ही संयुक्त गस्त सुरू झाली. केंद्राची किनारी सुरक्षा योजना मात्र 2005 मध्ये आली. तिच्या पहिल्या टप्प्यात देशभर 73 सागरी पोलीस ठाणी मंजूर झाली, आणि ती पुरेशी रुजण्याआधीच 26 नोव्हेंबर 2008 रोजी दहा दहशतवादी रबरी बोटीने मुंबईच्या बधवार पार्कजवळ उतरले. किनाऱ्यावरच्या कोळ्यांनी त्यांना हटकलेही होते! दुसरा टप्पा 2011 मध्ये सुरू झाला.

कोळ्यांच्या त्या हटकण्यातच मला सागरी पोलिसांच्या कामाचे मर्म दिसते. वेगवान नौका छायाचित्रात शोभून दिसतात, पण खरे काम बहुधा बंदरावर आणि खाडीच्या मुखाशी चालते: परतणाऱ्या मासेमारी नौकांची कागदपत्रे आणि खलाशांची ओळखपत्रे पाहणे, वाहून आलेल्या मृतदेहांची ओळख पटवणे, किनारी सुरक्षेच्या ‘सागर कवच’ या संयुक्त सरावात भाग घेणे. कोणता तांडेल (नौकेचा प्रमुख) आपला आणि कोणता परका, हे कोळीवाड्याला नौदलाआधी कळते. म्हणूनच मच्छीमारांच्या सागर रक्षक दलाशी संपर्क राखणे हे मी गस्तीइतकेच महत्त्वाचे कर्तव्य मानतो. समुद्रात संशयास्पद काही दिसल्यास 1093 या क्रमांकावर सागरी पोलिसांना कळवता येते. तटरक्षक दलाचा क्रमांक 1554 आहे.