होला नेमका कोणत्या महिन्यात बोलतो?

या वेळच्या टपालात पाखरंच जास्त आहेत. काहींना बायबलमधलं वचन तोंडपाठ आहे पण पक्षी ओळखता येत नाही, काहींचं नेमकं उलटं. त्यामुळे प्रत्येक उत्तरात आधी पक्षी बघितला आहे आणि मग वचन.

प्रश्न : गीतरत्न 2:11-12 मध्ये हिवाळा सरला, पाऊस थांबला, फुलं आली आणि होल्याचा आवाज ऐकू येऊ लागला असं आहे. संडेस्कूलच्या पावसाळी कार्यक्रमासाठी ऑगस्टमध्ये हे वचन घेऊ का? आमच्या अंगणात मात्र होला बारा महिने घुमतो. (शिक्षिका, नाशिक)

उत्तर : ऑगस्टमध्ये नको. इस्राएल देशात पाऊस हिवाळ्यात पडतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तो सुरू होतो, मार्च-एप्रिलमध्ये संपतो आणि उन्हाळा पूर्ण कोरडा जातो. मराठी शास्त्रात (बायबलमध्ये) या दोन टोकांच्या पावसांना आगोटीचा आणि वळवाचा असे आपल्या शेतकऱ्याचे शब्द वापरले आहेत. शब्द गोड आहेत, पण महिने जुळत नाहीत. आपली आगोट जूनची आणि आपला वळीव तिच्या आधीचा.

होल्याचंही तसंच. तिथला होला पाहुणा आहे. तो आफ्रिकेतून साधारण एप्रिलमध्ये येतो आणि पावसाळ्याआधी परततो. म्हणून त्याचा आवाज ऐकला की ऋतू पालटल्याचं कळायचं. आपल्या अंगणातला ठिपकेवाला किंवा तपकिरी होला कुठेच जात नाही, त्यामुळे त्याच्या घुमण्यावरून महिना ओळखता येणार नाही. हे वचन पुनरुत्थानाच्या सणाच्या (ईस्टरच्या) आसपास घ्या. यहुदी परंपरेतही गीतरत्न वल्हांडणाच्या सणातच वाचतात.

यिर्मया 8:7 शिकवताना याहून मोठी चूक होते. करकोचा, होला, निळवी, सारस हे आपापली येण्याची वेळ पाळतात, पण माझे लोक परमेश्वराचा निर्णय जाणत नाहीत, असा तिथे संदेष्ट्याचा ठपका आहे. मुलांना गोंदियाच्या धानशेतातल्या सारस जोडीचं चित्र दाखवलं की ठपक्याचा आधारच जातो, कारण आपला सारस स्थलांतर करत नाही. यिर्मयाच्या डोळ्यांपुढे आकाशातून थव्याने जाणारे क्रौंच, म्हणजे सारसाचे स्थलांतर करणारे भाऊबंद, होते. 'निळवी'च्या जागी मूळ हिब्रूत असलेला 'सीस' हा शब्द आजच्या हिब्रूत पाकोळीसाठी वापरतात. यरुशलेमच्या पश्चिम भिंतीच्या फटींत पाकोळ्या दर वसंतात घरटी करतात. आपल्याकडे हे वचन शिकवायला सर्वांत सोपा पक्षी म्हणजे पांढरा धोबी. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तो गच्चीवर, मैदानात, पाण्याच्या कडेला शेपटी वरखाली करत हजर होतो आणि मार्च-एप्रिलमध्ये निघून जातो. मुलांना त्याची पहिली तारीख लिहून ठेवायला सांगा. दुसऱ्या वर्षी तारखा ताडून पाहिल्या की 'नेमलेला समय' म्हणजे काय हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

प्रश्न : गरुड 40 वर्षांचा झाला की डोंगरावर जातो, चोच खडकावर आपटून तोडतो, नखं आणि पिसं उपटतो आणि मग आणखी 30 वर्षं जगतो. ही गोष्ट तरुणसंघात सांगायची आहे. 'गरुडासारखं तारुण्य नवं होतं' या स्तोत्र 103:5 चा आधार देता येईल का? (अहिल्यानगर)

उत्तर : कृपया सांगू नका. ही गोष्ट व्यासपीठांवरून आणि मोबाईलवरून इतकी फिरली आहे की ती शास्त्रातच असल्यासारखी वाटते. चोच म्हणजे हाड आणि त्यावर आपल्या नखासारखं आवरण. आवरण आयुष्यभर झिजतं आणि वाढतं. पण चोचच तुटली तर शिकार फाडता येत नाही, आणि ती भरून येईपर्यंत पक्षी उपाशी मरतो. पिसं उपटलेला गरुड उडूही शकत नाही. वयाचं म्हणाल तर रानातल्या गरुडाने तिशी गाठली तरी ते फार झालं.

मग तारुण्य नवं होतं म्हणजे काय? पीस झडणं. शिकारी पक्षी उडण्याची पिसं एकदम टाकत नाही. दोन्ही पंखांतली थोडी थोडी झडतात, त्यांच्या जागी नवी येतात आणि उडणं चालूच राहतं. मोठ्या गरुडांना सगळी पिसं बदलायला दोन वर्षांहून अधिक लागतात. कडा, रक्त, एकांत यांतलं काहीही त्यात नाही. नवीकरण इतकं हळू होतं की बघणाऱ्याला कळतही नाही. तरुणांना सांगण्यासारखं हे आहे, फक्त टाळ्या कमी पडतील.

आणखी एक. आपण 'गरुड' वाचतो तिथला हिब्रू शब्द गिधाडालाही चालतो. मीखा 1:16 मध्ये त्याचं टक्कल सांगितलं आहे, आणि टक्कल गिधाडाला असतं. परमेश्वराची वाट पाहणारे गरुडासारखे पंखांनी वर जातात, या यशया 40:31 साठी आपल्या गावातली घार पुरेशी आहे. सकाळी सातला ती खांबावर किंवा माडावर बसून असते. ऊन चढून जमीन तापली, गरम हवा वर उठू लागली की नऊ-दहाच्या सुमारास पंख पसरते आणि ते न हलवता चकरा घेत वर जाते. लवकर उठून फडफडत वर जायला तिची ताकद पुरणार नाही असं नाही, पण दिवसभर ती टिकणार नाही. त्या वचनात 'वाट पाहणारे' हा शब्द 'पंखां'च्या आधी येतो. तरुणसंघाला सकाळी साडेआठला गच्चीवर न्या, तासभर बसवा आणि मगच वचन काढा.

प्रश्न : मत्तयात दोन चिमण्या एका नाण्याला आणि लूकात पाच चिमण्या दोन नाण्यांना. खरं कोणतं? (पुणे)

उत्तर : दोन्ही. तो बाजारभाव आहे. चिमण्या गरिबाचं मांस म्हणून विकल्या जायच्या. नाणं होतं असारियन, म्हणजे दिनाराचा सोळावा भाग, आणि दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. एका नाण्याला दोन, तर दोन नाण्यांना चार व्हायला हव्यात. पाचवी वर टाकलेली आहे, मंडईत कोथिंबिरीची काडी टाकतात तशी. लूक 12:6 म्हणतं की त्यांतल्या एकीचाही देवाला विसर पडत नाही. म्हणजे फुकट गेलेलीचाही नाही.

प्रश्न : आमच्या चर्चच्या घंटाघरात पांढऱ्या तोंडाचं घुबड राहतं. पिल्लंही आहेत. काही जण अपशकुन म्हणून, काही जण घाण होते म्हणून ते काढायला सांगतात. सणाआधी रंगकाम आहे. काय करावं? (वसई)

उत्तर : हे गव्हाणी घुबड. घरटं, अंडी, पिल्लं यांना हात लावणं वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार गुन्हा आहे. पिल्लू खाली पडलं किंवा कुणी त्रास देत असेल तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा. रंगकाम पुढे ढकला. अंडी साधारण महिनाभर उबवली जातात आणि पिल्लं उडायला त्यापुढे दोनेक महिने लागतात. अंडी एकेक दिवस सोडून घातलेली असल्याने पिल्लं लहान-मोठी दिसतात, सर्वांत धाकटं आजारी आहे असं समजून त्याला उचलू नका. रोजच्या घंटेची त्यांना सवय झालेली असते. त्रास होतो तो नव्या लाउडस्पीकरचा, रात्रभर चालणाऱ्या फोकसचा आणि फटाक्यांचा. आवारात उंदरांचं विष अजिबात ठेवू नका, विष खाल्लेला उंदीर गिळून घुबडही मरतं.

घाणीवर उपाय सोपा आहे. खाली ताडपत्री टाका आणि आठवड्याला झटका. तिच्यावर अंगठ्याएवढे काळसर गोळे सापडतील. ती विष्ठा नव्हे, न पचलेली हाडं आणि केस ओकून टाकलेले असतात. हातमोजे घालून गोळा तासभर पाण्यात भिजवा आणि चिमट्याने उकला. उंदराची कवटी, जबडे, बरगड्या सुट्या होतात. वर्गातल्या मुलांना घुबडाची भीती घालवायला याहून चांगलं साधन नाही.

पिल्लं उडून गेल्यावरच घंटाघराची खिडकी जाळीने बंद करता येईल, पण आधी आवारातच उंचावर लाकडी पेटी लावा. तळ 40 × 60 सें.मी., तोंड 15 सें.मी. चौरस, आणि तोंडापासून तळ निदान 45 सें.मी. खाली. तळ उथळ झाला तर पिल्लं लवकर तोंडाशी येतात आणि पडतात. अपशकुनाच्या बाजूने यशया 34:11 पुढे केलं जाईल, तिथे ओसाड नगरात घुबड राहतं. तेव्हा स्तोत्र 102:6 काढा. दुःखी माणूस प्रार्थनेत स्वतःलाच ओसाडीतलं घुबड म्हणतो, आणि त्याला देवाच्या घरातून कुणी हाकलत नाही. स्तोत्र 84:3 मध्ये तर वेदीजवळच घरटं आहे.

प्रश्न : निवृत्तीनंतर आम्ही दोघांनी वर्षभर पक्षी पाहून मनन लिहायचं ठरवलं आहे. सुरुवात कशी करावी? (कोल्हापूर)

उत्तर : एकच जागा ठरवा. रोज नवीन ठिकाणी गेलात तर नवे पक्षी दिसतील, ऋतू दिसणार नाही. उजाडल्यानंतरच्या पहिल्या दोन तासांतली 20 मिनिटं, आठवड्यातून तीन दिवस, एवढं पुरे. दुर्बीण घ्यायची तर 8 × 42, म्हणजे आठपटीची. दहापटीची हातात थरथरते. वहीचं डावं पान पक्ष्याचं : तारीख, वेळ, हवा, पक्षी, किती, काय करत होता. उजवं पान मननाचं, आणि ते त्याच दिवशी भरायचं नाही. आठवड्याने डावं पान पुन्हा वाचून मग लिहा. ताबडतोब लिहिलेल्या मननात पक्षी निमित्तमात्र उरतो आणि आपण आधीच पाठ असलेला उपदेश उतरवतो.

चर्चचं वर्ष आणि पाखरांचं वर्ष शेजारी शेजारी चालतं, पण एकमेकांना बांधलेलं नाही. आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांत, धोबी स्थिरावलेले असतात आणि जलाशयांवर बदकं उतरलेली असतात. हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब उजनी धरणावर हिवाळाभर दिसतात. पुनरुत्थानाच्या सणाआधीचा उपवासकाळ फेब्रुवारी-मार्चच्या आसपास पडतो आणि नेमक्या त्याच वेळी पळस, पांगारा, सावर फुललेली असते. मध्य आशियात परतण्याआधी भोरड्यांचे थवे त्या फुलांवर तुटून पडतात. आपण उपास करत असताना झाडावर मेजवानी चालू असते. हा विरोध पुसून टाकू नका, तसाच लिहा.

पेंटेकॉस्ट (पवित्र आत्मा उतरल्याचा सण) आणि पावसाची वाट पाहणारा चातक यांची सांगड घालण्याचा मोह फार होतो. चातक मान्सूनच्या वाऱ्याबरोबर आफ्रिकेतून मेअखेर-जूनमध्ये येतो. पेंटेकॉस्ट मात्र पुनरुत्थानाच्या सणाप्रमाणे 10 मे ते 13 जून यांत कुठेही पडतो. 2025 मध्ये तो 8 जूनला होता, 2027 मध्ये 16 मेला आहे. चातक त्या दिवशी आला नाही तर वहीत 'आला नाही' असंच लिहा.

पावसाळ्यात सुगरणीच्या वसाहतीसमोर बसा, पण 30 पावलं लांब. नर अर्धं घरटं विणतो, टोपीसारखं. मादी येऊन पाहते, पसंत पडलं तरच पुढचं विणकाम होतं, आणि नाकारलेली घरटी तशीच लोंबत राहतात. पूर्ण घरट्याला साधारण 18 दिवस आणि पाचशेपर्यंत फेऱ्या लागतात. पाखरं पेरत नाहीत, कापत नाहीत हे मत्तय 6:26 मधलं वाक्य त्यानंतर वाचलं तर त्यात आळसाला जागा दिसत नाही. तिथे फक्त कोठारं भरण्याची चिंता नाही.

फक्त गोंडस पक्षी निवडू नका. कोकीळा कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते, चातक सातभाईच्या. तेही लिहा. लूक 12:24 मध्ये येशू ज्याला पाहायला सांगतो तो कावळा लेवीय 11:15 च्या अशुद्ध यादीत आहे.

प्रश्न : उन्हाळ्यात चर्चच्या आवारात पाण्याची भांडी ठेवली, पण पक्षी येतच नाहीत. (सोलापूर)

उत्तर : भांडं बहुधा खोल आहे किंवा उघड्यावर आहे. मातीचं पसरट भांडं घ्या, पाणी 5 सें.मी. पेक्षा जास्त नको, मधे खडबडीत दगड ठेवा. सावलीत ठेवा, पण मांजर दडून बसेल अशा झुडपापासून दोन-अडीच मीटर दूर. पाणी रोज बदला आणि भांडं काथ्याने घासा, साबण नको. नाहीतर शेवाळ धरतं आणि आठवड्याभरात डासांच्या अळ्या होतात. शेजारी बाजरी किंवा तांदळाची कणी मूठभर ठेवा. खारे शेंगदाणे, फरसाण, पाव ठेवू नका. पहिला पक्षी यायला दहा-पंधरा दिवस लागू शकतात, तोवर भांड्याची जागा बदलू नका.