प्रथिनाच्या घडीत कोण कोणाला खेटून? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची एक लांब माळ. माळेत गुंफल्यावर प्रत्येक अमिनो आम्लाचा जो भाग उरतो, त्याला अवशेष किंवा प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या भाषेत रेसिड्यू म्हणतात. माळेचा सलग धागा म्हणजे कणा; रेसिड्यूचा कण्यातला मधला कार्बन तो अल्फा कार्बन, त्यापासून बाजूला निघणारा भाग ती पार्श्वशृंखला, आणि तिच्यातला पहिला कार्बन तो बीटा कार्बन. अंतरे अँगस्ट्रॉममध्ये, म्हणजे मीटरच्या एक हजार कोटीव्या भागात, मोजतात. माळेत एकमेकांपासून दूर असलेले रेसिड्यू घडी पडल्यावर जवळ येतात, आणि ही जवळीक मोजणे म्हणजेच संपर्कांचे विश्लेषण. या विषयावर आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : काही जण दोन बीटा कार्बनमधील अंतर ८ अँगस्ट्रॉमच्या आत असेल तर संपर्क मानतात, काही जण कोणत्याही दोन अणूंमधील ४.५ अँगस्ट्रॉम ही मर्यादा घेतात. यांपैकी बरोबर कोणती? (एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, पुणे)

दोन्ही बरोबर आहेत, मात्र त्या वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. रचनेच्या फाइलमध्ये अणूंचे फक्त सहनिर्देशक असतात. ‘संपर्क’ नावाची नोंद तेथे कुठेही नसते. ती व्याख्या आपण ठरवतो, म्हणून ती आपल्या प्रबंधात पहिल्याच परिच्छेदात स्पष्ट लिहिली पाहिजे.

४.५ अँगस्ट्रॉम या आकड्यामागे साधा हिशेब आहे. कार्बन अणूची व्हॅन डर वाल्स त्रिज्या (बंध नसताना अणू जितकी जागा व्यापतो तिची त्रिज्या) सुमारे १.७ अँगस्ट्रॉम, म्हणजे दोन कार्बन एकमेकांना टेकले तर त्यांच्या केंद्रांमधील अंतर ३.४ च्या आसपास येते. त्यांच्यामध्ये पाण्याचा एक रेणू शिरायचा असेल, तर त्याचा व्यास सुमारे २.८ धरून हे अंतर सहाच्या पुढे जायला हवे. त्यामुळे ४.५ ते ५ च्या आत असलेले दोन अणू खरोखरच खेटून आहेत, मध्ये पाणी नाही, असे विश्वासाने म्हणता येते. एखाद्या उत्परिवर्तनाने नेमका कोणता स्पर्श तुटला, हे शोधायचे असेल तर हीच पद्धत वापरावी.

बीटा कार्बनची ८ अँगस्ट्रॉमची मर्यादा ही रचना-भाकिताच्या ‘कॅस्प’ या स्पर्धेत रूढ झाली. ग्लायसिनला बीटा कार्बन नसल्यामुळे त्याच्यासाठी अल्फा कार्बन घेतात. ही व्याख्या घडीचा आराखडा दाखवते, प्रत्यक्ष स्पर्श नव्हे. आर्जिनिनची पार्श्वशृंखला इतकी लांब असते, की त्याचा ग्लुटामेटशी उत्तम सॉल्ट ब्रिज (विरुद्ध भारांच्या आकर्षणाचा बंध) जुळलेला असतानाही दोघांचे अल्फा कार्बन १० अँगस्ट्रॉमपेक्षा दूर असू शकतात. अशी जोडी केवळ कण्यावरून मोजणाऱ्या यादीतून निसटते.

आणखी एक गोष्ट सांभाळावी. माळेतील सख्खे शेजारी तर जवळ असणारच; त्यांच्या अल्फा कार्बनमधील अंतर साधारण ३.८ अँगस्ट्रॉम असते. अल्फा हेलिक्समध्ये, म्हणजे माळेच्या मळसूत्री वेटोळ्यात, प्रत्येक रेसिड्यू पुढच्या चौथ्याशी हायड्रोजन बंधाने जोडलेला असतो. हे सगळे यादीत घेतले तर हेलिक्स जास्त असलेले प्रथिन उगाचच संपर्कसंपन्न भासते. म्हणून कॅस्पमध्ये माळेतील अंतर २४ किंवा अधिक असेल तरच संपर्काला ‘दूरचा’ म्हणतात. उलट, बंध नसलेले दोन कार्बन ३ अँगस्ट्रॉमपेक्षाही जवळ दिसले, तर आधी मॉडेलवर शंका घ्यावी. गो. ना. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मद्रास विद्यापीठातून जो प्रसिद्ध आलेख मांडला, तो अणू एकमेकांच्या किती जवळ येऊ शकतात याच्या अशाच मर्यादांवर उभा होता. ‘संपर्क’ या कल्पनेचे इतके मोठे फळ आपल्याच देशात निघाले, याचा मला वर्गात शिकवताना दर वेळी आनंद होतो.

प्रश्न : आमच्या भागात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत, म्हणून विद्यार्थ्यांना त्याचे उदाहरण दाखवायचे होते. हीमोग्लोबिनची ४एचएचबी ही रचना (हा ‘पीडीबी’ या प्रथिन-रचनांच्या जागतिक संग्रहातला संकेतांक) उघडून, जनुकीय अहवालात दिलेल्या सातव्या क्रमांकावरचे ग्लुटामेट पाहिले. ते बदलल्याने इतका गंभीर आजार का व्हावा, हे त्याच्या संपर्कांवरून काही केल्या दिसत नाही. माझे काय चुकते आहे? (प्राध्यापक, गडचिरोली जिल्हा)

आपला प्रश्न फार मोलाचा आहे. त्यात दोन वेगळ्या गोष्टी गुंतल्या आहेत.

पहिली क्रमांकाची. जनुकीय अहवालात मोजणी सुरुवातीच्या मेथिओनिनपासून होते. पण तयार प्रथिनातून तो मेथिओनिन काढून टाकलेला असतो, आणि रचनेच्या फाइलमध्ये पहिला क्रमांक व्हॅलिनचा असतो. म्हणून अहवालातला सातवा तो फाइलमधला सहावा. एरवी अशी चूक लगेच उघडी पडते, कारण भलतेच अमिनो आम्ल समोर येते. हीमोग्लोबिनच्या रेणूत दोन अल्फा आणि दोन बीटा साखळ्या असतात; येथे मात्र बीटा साखळीची सुरुवात व्हॅलिन, हिस्टिडिन, ल्युसिन, थ्रिओनिन, प्रोलिन, ग्लुटामेट, ग्लुटामेट अशी आहे. सहाव्या जागी ग्लुटामेट आणि सातव्या जागीही ग्लुटामेटच. त्यामुळे चुकीच्या जागेवर बोट ठेवूनही ते बरोबरच वाटते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. सहावे ग्लुटामेट निवडले तरी आपल्याला फारसे काही दिसणार नाही, आणि ते तसेच असायला हवे. ते रेणूच्या पृष्ठभागावर, पाण्याकडे तोंड करून असते. त्याच्या जागी व्हॅलिन आल्याने रेणूच्या आतली घडी बिघडत नाही. आजाराचे मूळ असलेला संपर्क एका हीमोग्लोबिन रेणूच्या आत नसून शेजारच्या दुसऱ्या रेणूशी होणारा आहे. म्हणून ४एचएचबी बाजूला ठेवून २एचबीएस ही रचना उघडावी. ती ऑक्सिजन सोडलेल्या सिकल हीमोग्लोबिनची असून तिच्यात चार-चार साखळ्यांचे दोन पूर्ण रेणू शेजारी-शेजारी आहेत.

आता प्रत्येक बीटा साखळीतला सहावा व्हॅलिन निवडा आणि ४.५ अँगस्ट्रॉमच्या आत दुसऱ्या रेणूचे कोणते अणू येतात ते विचारा. एका व्हॅलिनच्या भोवती शेजारच्या बीटा साखळीतील ८५ वे फेनिलअ‍ॅलनिन आणि ८८ वे ल्युसिन दिसतील. ई आणि एफ या दोन हेलिक्सांच्या मधल्या तेलकट खोबणीत व्हॅलिनची जलविरोधी पार्श्वशृंखला बेताची बसते. ग्लुटामेटचा ऋणभार असता, तर ती या खोबणीत कधीच शिरली नसती. ऑक्सिजन धरलेल्या अवस्थेत साखळ्यांची मांडणी बदलते आणि ही जुळणी होत नाही. म्हणून ऑक्सिजन सोडल्यावरच रेणू एकमेकांना चिकटत जातात, त्यांचे १४ धाग्यांचे तंतू बनतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते.

प्रत्येक रेणूत असे दोन व्हॅलिन असतात, पण तंतूतले धागे जोडीने असतात आणि अशा दुहेरी धाग्यातल्या या संपर्कात त्यांपैकी एकच भाग घेतो. त्यामुळे चारही बीटा साखळ्या तपासल्याशिवाय ‘संपर्क नाही’ असा निष्कर्ष काढू नये. जमल्यास विद्यार्थ्यांना जवळच असलेली आणखी एक जोडीही दाखवा : एका रेणूतले चौथे थ्रिओनिन आणि दुसऱ्यातले ७३ वे अस्पार्टेट. ज्या हीमोग्लोबिनमध्ये हे ७३ वे अस्पार्टेट बदललेले असते, त्या ‘कोर्ले-बू’ प्रकाराची भेसळ झाली तर तंतू बनण्यास अडथळा येतो. सहाव्या जागेपासून लांबच्या एका रेसिड्यूचे इतके वजन असावे, ही गोष्ट यादी वाचून कळत नाही. रचना फिरवून पाहिली की मुलांना क्षणात कळते.

प्रश्न : स्फटिकात शेजारी आलेल्या रेणूंमधले संपर्क खरे मानावेत का? (संशोधक विद्यार्थी, मुंबई)

सरसकट मानू नयेत. स्फटिकात रेणू दाटीवाटीने रचलेले असल्याने पुष्कळ संपर्क केवळ शेजारामुळे घडतात. वरच्या उदाहरणात तो संपर्क खरा मानता येतो, कारण तंतूंचा अभ्यास आणि इतर उत्परिवर्तने त्याला स्वतंत्रपणे दुजोरा देतात.

याची उलट चूकही तितकीच होते. १एचएचओ या ऑक्सिजनयुक्त हीमोग्लोबिनच्या फाइलमध्ये एक अल्फा आणि एक बीटा अशा दोनच साखळ्या आहेत. उरलेला अर्धा रेणू स्फटिकाच्या सममितीने तयार करावा लागतो. फाइल तशीच वापरली, तर हीमोग्लोबिनच्या कार्यात सर्वांत जास्त सरकणारा पृष्ठभाग, म्हणजे पहिल्या अल्फा आणि दुसऱ्या बीटा साखळीमधला, आपल्या यादीत येतच नाही. म्हणून मोजणीपूर्वी ‘बायॉलॉजिकल असेम्ब्ली’ची, म्हणजे पूर्ण कार्यरत रेणूची, फाइल उतरवून घ्यावी, आणि शंका असल्यास ‘पिसा’ या सेवेवर पृष्ठभागाचे क्षेत्रफळ तपासावे.

प्रश्न : माझ्या यादीत अस्परजिनचा ऑक्सिजन आणि अस्पार्टेटचा ऑक्सिजन २.८ अँगस्ट्रॉमवर दिसतात. दोन्हींवर ऋणभाराचा कल असताना ते इतके जवळ कसे? (पीएच.डी. विद्यार्थिनी, नागपूर)

बहुधा अस्परजिनचे टोक उलटे बसवले गेले आहे. क्ष-किरणांना इलेक्ट्रॉन दिसतात. नायट्रोजनचे सात आणि ऑक्सिजनचे आठ. हा फरक इतका थोडा, की नेहमीच्या रिझोल्यूशनला दोन्ही सारखेच भासतात आणि कोणते टोक कोणीकडे हे रचना बांधणाऱ्याला आजूबाजूच्या हायड्रोजन बंधांवरून ठरवावे लागते. ग्लुटामिन आणि हिस्टिडिनची अडचणही हीच. ‘मोलप्रोबिटी’ या रचना तपासणाऱ्या सेवेत रचना टाकली की हायड्रोजन जोडून अशी टोके १८० अंशांत फिरवून तपासली जातात. त्यानंतरच हायड्रोजन बंधांची यादी नव्याने काढावी.

प्रश्न : अल्फाफोल्डच्या (अमिनो आम्लांच्या क्रमावरून रचनेचे भाकीत करणाऱ्या संगणकप्रणालीच्या) मॉडेलवर हेच विश्लेषण करता येईल का? (अभियंता, ठाणे)

करता येईल, पण प्रत्येक रेसिड्यूचा विश्वास-गुण पाहून. तो ७० च्या खाली असेल तेथे संपर्क मोजू नयेत, आणि पार्श्वशृंखलांच्या स्पर्शाविषयी बोलायचे असेल तर ९० च्या वरचा भागच घ्यावा. दोन डोमेनांमधल्या, म्हणजे प्रथिनाच्या स्वतंत्रपणे घडी पडणाऱ्या भागांमधल्या, संपर्कांसाठी हा गुण पुरेसा नाही. त्यासाठी सापेक्ष स्थानाच्या त्रुटीचा वेगळा तक्ता दिलेला असतो, तो पाहावा. एका अमिनो आम्लाच्या बदलाचा परिणाम मात्र या मॉडेलवरून ठरवू नये. बीटा साखळीत ग्लुटामेटच्या जागी व्हॅलिन लिहून मॉडेल काढले, तर घडी जवळजवळ तशीच येईल आणि व्हॅलिन पृष्ठभागावर एकटाच दिसेल, कारण ज्याच्याशी त्याचा संपर्क होतो तो शेजारचा रेणू त्या मॉडेलमध्ये नसतोच.