अतिनील दुर्बिणीची दारे उशिरा का उघडली?

प्रश्न : भारताचा खगोलनिरीक्षण उपग्रह ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ २८ सप्टेंबर २०१५ रोजी कक्षेत पोहोचला, पण त्यावरील अतिनील दुर्बिणीची दारे ३० नोव्हेंबरला उघडली, असे वाचनात आले. एवढे थांबण्याचे कारण काय? शिवाय हबल अवकाश दुर्बिणीचा आरसा २.४ मीटरचा असताना ३७.५ सेंटिमीटरच्या आरशांनी काय साधले?
– एक वाचक, सातारा

उत्तर : हे थांबणे मूळ आखणीतच होते. उपग्रहातील रंग, चिकटद्रव्ये आणि तारांची वेष्टने यांतून निर्वातात गेल्यावर कित्येक दिवस वाफा सुटत राहतात. त्यांचे रेणू आरशावर बसले, तर दृश्य प्रकाशाला त्या अतिसूक्ष्म थराची फारशी अडचण होत नाही; परंतु अतिनील किरण, त्यातही २०० नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचे, त्यात शोषले जातात, आणि कक्षेतला आरसा पुसायला कोणी जाऊ शकत नाही. म्हणून वाफा ओसरेपर्यंत दारे मिटलेली ठेवली. उघडल्यानंतर हीच झाकणे सूर्यप्रकाश अडवतात, मात्र त्यासाठी सूर्य दुर्बिणीच्या रोखापासून ४५ अंशांहून अधिक दूर असावा लागतो.

आरशाच्या आकारात हबलशी बरोबरी नाही, हे खरे. पण हबलला एका वेळी आकाशाचा अगदी लहान तुकडा दिसतो, तर या दुर्बिणीला जवळजवळ पौर्णिमेच्या चंद्राएवढा, २८ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) व्यासाचा. २००३ साली अवकाशात गेलेल्या ‘गॅलेक्स’ या अमेरिकी अतिनील दुर्बिणीचे क्षेत्र याहून मोठे होते, पण तिची चित्रे सुमारे ५ विकलांपर्यंतच (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) रेखीव असत, आपली दुर्बीण सुमारे दीड विकलेपर्यंत तपशील दाखवते. त्यामागची युक्ती फार सुंदर आहे. उपग्रह रोखलेल्या दिशेवर पूर्ण स्थिर राहत नाही, म्हणून अतिनील शोधक सेकंदाला सुमारे २९ चित्रे घेऊन प्रत्येक फोटॉनची (प्रकाशकणाची) जागा नोंदवतो, दृश्य प्रकाशाचा शोधक ताऱ्यांवरून उपग्रहाची हालचाल मोजतो, आणि जमिनीवर तेवढी दुरुस्ती करून सर्व चित्रे एकत्र केली जातात.

याच दुर्बिणीच्या निरीक्षणांतून पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेतील कनक साहा आणि सहकाऱ्यांनी ९३० कोटी प्रकाशवर्षे दूरच्या दीर्घिकेतून निसटणारे तीव्र अतिनील (म्हणजे फारच कमी तरंगलांबीचे) किरण टिपले आणि २०२० साली ते प्रसिद्ध केले. पृथ्वीचे वातावरण असे किरण शोषून घेत असल्याने हे काम जमिनीवरून अशक्यच होते.

निकट-अतिनील (दृश्य प्रकाशाला जवळच्या तरंगलांबीचा) शोधक २०१८ मध्ये बंद पडला, त्याहून कमी तरंगलांबीचा दूर-अतिनील शोधक मात्र त्यानंतरही काम करत राहिला. भारतीय खगोलभौतिकी संस्थेने आता सुमारे १ मीटर आरशाच्या ‘इन्सिस्ट’ दुर्बिणीचा प्रस्ताव मांडला आहे. १९९० पासून कक्षेत असलेल्या हबलचे वय पाहता, ‘इन्सिस्ट’ला लवकर मंजुरी मिळावी असे आम्हांला मनापासून वाटते.