समुद्राकडच्या खोल्यांचे पडदे बदलताना

तारकर्लीतल्या तुझ्या पाहुण्यांच्या खोल्या पश्चिमेकडे तोंड करून आहेत, म्हणून कापडाआधी रॉडचा विचार कर. खाऱ्या हवेत क्रोम चढवलेला लोखंडी रॉड लवकर गंजतो आणि तो गंज पडद्याच्या वरच्या पट्टीत उतरतो. धुऊनही जात नाही. ॲनोडाइज्ड, म्हणजे संरक्षक थर दिलेल्या ॲल्युमिनियमचा ट्रॅक आणि त्यात सरकणारे, पडदा धरणारे नायलॉनचे रनर घे. स्क्रू मात्र 316 ग्रेडच्या स्टेनलेसचेच हवेत. 304 स्वस्त पडतं, पण किनाऱ्यावर त्यावर तांबूस डाग येतात. इथे पैसे वाचवू नकोस, मी वाचवले होते आणि दोन पावसाळ्यांत सगळं उतरवावं लागलं.

पडदे दुहेरी लाव. खिडकीलगत पांढरा शिअर, म्हणजे आरपार दिसणारा पातळ पडदा, कारण पाहुणा समुद्र बघायलाच आलेला असतो. त्यावर खोलीच्या बाजूने ब्लॅकआउट, म्हणजे उजेड अडवणारा जाड पडदा, दुपारच्या उन्हासाठी. शिअरला ट्रॅकच्या लांबीच्या अडीचपट कापड घे, नाहीतर चुण्या केविलवाण्या दिसतात. सुती कापड सुंदर दिसतं खरं, पण जून ते सप्टेंबर त्याला बुरशी धरते. पॉलिएस्टर बरं. गडद निळा रंग टाळ, उन्हाने विटतो.

पडदा जमिनीपासून बोटभर वर ठेव, पाहुण्यांच्या पायांबरोबर वाळू येतेच. प्रत्येक मापाचा एक जोड जास्तीचा शिवून घे.