कडा नव्हे, आढं

देवगडच्या एका विज्ञानशिक्षिकांनी विचारलंय : प्रोटॉनांच्या टकरीतून उडणाऱ्या कणांच्या 'कोरिलेशन'ला सहसंबंध म्हणावं की परस्परसंबंध? आणि त्याच्या आलेखात जो लांबट उंचवटा दिसतो, त्या 'रिज'ला काय? वर्गात त्या 'कडा' म्हणतात.

कडा म्हणू नका, बाई. हिरकणी उतरली तो कडा. एका बाजूला जमीन, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. विज्ञानाच्या लेखांतून हा चुकीचा कडा वाचून मी कंटाळलोय.

'कटक' सुचवणारे तर आणखी पुढचे. हिंदी परिभाषेने समुद्रतळाच्या रिजला कटक ठरवलं, म्हणून आपणही तेच उचलायचं? मराठी कानाला कटक म्हणजे फौज, नाहीतर 'अटक ते कटक'मधलं शहर. संस्कृतात त्याचं डोंगराशी नातं आहे, पण डोंगराच्या कुठल्या भागाशी? अमरकोश स्वच्छ सांगतो, 'कटकोऽस्त्री नितम्बोऽद्रेः'. डोंगराचा नितंब, म्हणजे कूस. माथ्याच्या सपाटीचे शब्द तो लगेच पुढे वेगळे देतो. परिभाषा करणाऱ्यांनी एवढी एक ओळ उघडून बघायला हवी होती.

आणि मनगटातलं कडं? तेही कटकच! ट चा ड झाला, शेवटचा क गळाला. माझ्या मते मूळ कल्पना वेढ्याची आहे. मनगटाला वेढतं ते कडं, डोंगराच्या कमरेला वेढतो तो उतार, राजाच्या तंबूला वेढून बसते ती छावणी. आपला कडाही याच घरचा, अशी माझी खात्री आहे. म्हणजे कडा काय, कटक काय, दोन्ही बाजूचे शब्द, माथ्याचा एकही नाही.

आता आलेख बघा. 2010 साली सर्न या जिनिव्हाजवळच्या कणभौतिकी प्रयोगशाळेत सीएमएस प्रयोगाच्या गटाने प्रोटॉनांच्या 7 टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या टकरींतून शंभराहून जास्त कण उडालेल्या तेवढ्या निवडल्या आणि कणांच्या जोड्या लावल्या. पुंजाभोवतीचा, म्हणजे प्रोटॉनांच्या झोताभोवतीचा, कोन जवळपास सारखा, पण पुंजाच्या दिशेने एकमेकांपासून लांब, अशा जोड्या अपेक्षेपेक्षा जास्त निघाल्या. अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत सोन्याच्या अणुकेंद्रांच्या टकरीत असं आधी दिसलं होतं, पण इवल्याशा प्रोटॉनांत कुणी धरलं नव्हतं. ते का होतं, यावर वाद अजून चालू आहे.

पावसाआधी कौलं चाळताना माणूस घोड्यावर बसल्यासारखा पाय टाकून छपराच्या माथ्यावर बसतो आणि कोने, म्हणजे माथ्यावरची कौलं, नीट करतो. तिथे तांब्याभर पाणी ओता. ते दोन्ही पाख्यांवरून, म्हणजे छपराच्या उतारांवरून, वळचणीला पळेल, पण लांबीच्या दिशेला हलणार नाही, कारण तिथे पातळी सारखी. आलेखात तेच आहे : कोन बदलला की दोन्हीकडे उतार, पुंजाच्या दिशेने लांबच लांब सपाट. याला कोकणात लहान पोरही आढं म्हणेल.

'वरंबा' म्हणणाऱ्यांचं मी ऐकलंय. वरंबा सरीशिवाय नसतो आणि एकटा नसतो. 2012मध्ये प्रोटॉन आणि शिशाच्या टकरींत समोरच्या अंगालाही तसाच उंचवटा सापडला, हे त्यांच्या बाजूचं, कबूल. पण दोन आढ्यांची घरं राजापुरात हवी तेवढी दाखवतो.

हां, सहसंबंध चालेल.