लेपर्ड गेको पहिल्यांदाच आणलाय? आधी हे बघ

अभिनंदन! लेपर्ड गेको म्हणजे ठिपक्यांची पाळीव पालच, त्यामुळे घरचे म्हणतीलच की भिंतीवर फुकटच्या पाली कमी होत्या का, माझी आई अजून म्हणते.

पहिला आठवडा त्याला हात लावू नको. नवीन जागेत तो घाबरलेला असतो, एक-दोन दिवस खाल्लं नाही तरी पॅनिक होऊ नको, फक्त पाणी ठेव आणि शांत राहू दे.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीट. टँकची एक बाजू गरम हवी, तिथली जमीन साधारण ३२ डिग्री आणि दुसरी बाजू २५ च्या आसपास, म्हणजे तो स्वतःच ठरवतो कुठे बसायचं. हीट मॅट (टँकखालची गरम होणारी चटई) थर्मोस्टॅटशिवाय (तापमान आपोआप आवरणारं यंत्र) लावू नकोस प्लीज, मी लावली होती, पोट भाजता भाजता वाचलं बिचाऱ्याचं.

नवीन लोक हमखास करतात त्या चुका:
- खाली वाळू टाकणं. पिल्लू ती गिळतं आणि पोटात अडकते. पेपर टॉवेल बेस्ट.
- भाजी-फळं देणं. तो फक्त किडे खातो, तेही कॅल्शियम पावडर लावून, आणि त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा किडा नको.
- शेपटीला धरणं. तुटते! परत येते पण तशी नाही.

आणि हो, ओलसर मॉस (शेवाळ) घातलेला एक डबा ठेव, कात टाकताना लागतो. मॉर्फ (रंग-नक्षीचे प्रकार), ब्रीडिंग वगैरे नंतर बघू.