घरातली भांडी: प्रश्न तुमचे, उत्तरे आमची

प्रश्न: जुन्या पितळी पातेल्यात तांबडा रस्सा केला, तो सकाळपर्यंत कळकला. तळाला पिवळे डागही दिसतात. काय चुकले?
(वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर)

उत्तर: कल्हई, म्हणजे आतला कथील धातूचा पातळ थर, गेली आहे. पिवळे दिसते ते उघडे पितळ. टोमॅटो-दह्याच्या आंबटाने त्यातले तांबे आणि जस्त रश्श्यात उतरते. असा रस्सा टाकूनच द्या, आणि कल्हई होईपर्यंत ते पातेले वापरू नका.

कल्हई करून घेताना समोर उभे राहा. आधी आतला भाग घासून पितळ लख्ख दिसले पाहिजे. तेलकटपणा राहिला तर तिथे कथील धरत नाही, आणि बहुतेक कल्हई फसते ती इथेच. मग भांडे भट्टीवर तापवून नवसागर (अमोनियम क्लोराईडची पूड) टाकतात, पांढरा धूर निघतो. नवसागर धातूवरचा गंज काढतो, म्हणून कथील चिकटते. ते वितळले की कापसाच्या बोळ्याने झरझर सगळीकडे फिरवायचे आणि भांडे पाण्यात बुडवायचे. कथील शुद्धच मागा. डाग देण्याच्या (धातू सांधण्याच्या) कथलात बऱ्याचदा शिसे असते, आणि शिसे विषारी.

कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते. त्यामुळे रिकामे पातेले गॅसवर ठेवू नका, फोडणी वेगळ्या कढल्यात करा. तारेच्या घासणीऐवजी काथ्या वापरा. रस्सा शिजला की स्टीलच्या भांड्यात काढा. नवी कल्हई असली तरी रात्रभर आत ठेवू नका.